जनीचा लेखक कोण?

पिंपळगाव राजाला सप्ताह असला की दुपारच्या वेळी मामांची ओसरी भरलेली असते. मामा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, पहाऱ्याला वीणा धरणारे, हरिपाठापासून ज्ञानेश्वरीपर्यंत पुष्कळसं मुखोद्गत असलेले. मी महाविद्यालयात मराठी शिकवते. आदल्या रात्रीचं कीर्तन जनाबाईवर झालं होतं. मी एवढंच म्हटलं, की दोन तासांत जनीचं दळून झालं, कांडून झालं, शेण्या वेचून झाल्या, पण ती अभंग रचत होती त्याबद्दल बुवा एक शब्द बोलले नाहीत. मामांना ते लागलं.

"हे तिकडचं दुखनं आहे," ते म्हणाले. "तिकडं चर्चनं बायकायले उभं राहू दिलं नाई, म्हनून तिकडच्या बायकायनं भांडन मांडलं. ते भांडन तुम्ही शिकलेल्या पोरी इकडं आनता. आमच्या भजनात जनाबाई आहे, सोयराबाई आहे. मुक्ताईची पालखी दरसाल आपल्या जिल्ह्यातून पंढरीले जाते. कान्होपात्रेले तर इठोबाच्या देवळातच जागा भेटली. इसरलं कोन?"

"तिकडचीच एक गोष्ट सांगते," मी म्हटलं. "मार्गरीत पोरेत नावाची बाई. देवाच्या प्रेमाबद्दल तिनं पुस्तक लिहिलं, बंदी आली तरी मागं घेतलं नाही, म्हणून १ जून १३१० रोजी पॅरिसच्या चौकात तिला जाळलं. पुस्तक मात्र जगलं. मठामठांतून त्याच्या नकला होत राहिल्या, लॅटिनमध्ये गेलं, इटालियनमध्ये गेलं, इंग्रजीत गेलं. लोक कुण्या सत्पुरुषाचं म्हणून ते वाचत होते. १९२७ मध्ये इंग्लंडात ते छापलं तेव्हा खुद्द कॅथलिक अधिकाऱ्यांची संमती त्याला मिळाली. लिहिणाऱ्याचं नाव नव्हतंच. १९४६ साली रोमाना ग्वार्नीएरी या अभ्यासक बाईनं ओळखलं, की हे त्या जाळलेल्या बाईचं पुस्तक."

"पाय मंग. आपल्याकडं अशी जाळली का कोनाले?"

"पुस्तकापायी नाही जाळली. पण तिकडं पुस्तक राहिलं आणि नाव गेलं. आपल्याकडं नाव राहिलं. नावामागच्या कामाचं काय झालं, तेवढंच मी विचारतेय."

मामा सरसावून बसले. त्यांना वाद आवडतो आणि समोरचा तयारीनं आलेला असला तर अधिकच आवडतो.

मी रिद्धपूरपासून सुरुवात केली, कारण ते आपल्या वऱ्हाडातलं. आता तिथं मराठी भाषा विद्यापीठ आहे. तेराव्या शतकात तिथंच म्हाइंभटांनी लीळाचरित्र लिहिलं, आणि मराठी गद्याचा इतिहास तिथून धरला जातो. ते लिहिलं कसं गेलं हे बघण्यासारखं आहे. चक्रधरांना ज्यांनी पाहिलं, ऐकलं, त्यांच्याकडं म्हाइंभट जात राहिले. कुणाला काय आठवतं ते विचारत राहिले, ताडून बघत राहिले. आपल्या लोणार-मेहकरातल्याही लीळा त्यात आहेत. चक्रधरांभोवती बाया किती! महदाइसा, बाइसा, आबाइसा, उमाइसा. त्यांतली महदाइसा म्हणजे नागदेवाचार्यांची चुलत बहीण, विधवा, आणि अखंड प्रश्न विचारणारी. लीळा वाचत गेलं की दिसतं, बाई काहीतरी विचारते आणि त्यातून निरूपण सुरू होतं. विचारलंच नसतं तर स्वामी बोलले नसते, आणि स्वामी बोलले नसते तर म्हाइंभटांनी उतरवून काय घेतलं असतं? बाईच्या विटाळाबद्दल चक्रधरांनी जे सांगितलं, की नाकातून मळ यावा तसा तोही देहाचा एक धर्म, ते आजही घराघरांत पचत नाही. ते सातशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलं गेलं, कारण समोर बाया बसल्या होत्या.

"आणखी ऐका," मी म्हटलं. "केशिराजबासांसारखे पंडित शिष्य संस्कृतात लिहायला निघाले तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडवलं. स्मृतिस्थळात आहे ते. संस्कृतात गेलं तर साधा परिवार मुकेल, म्हाताऱ्या बाया मुकतील, असं त्यांचं म्हणणं. चक्रधरांनी मला मराठीतच सांगितलं, तर तुम्हीही मराठीतच विचारा. म्हणजे हे वाङ्मय मराठीत राहिलं ते ऐकणाऱ्या बायांच्या धाकानं."

"धाकानं म्हनू नको. मायेनं म्हन," मामा म्हणाले. मग जरा थांबून, "पन हे कीर्तनात सांगन्यासारखं आहे."

"मग सांगत का नाहीत?"

"कारन ते महानुभावांचं आहे. हे तू सोयीस्कर सोडून देऊन रायली. त्या पंथानं आपल्या पोथ्या सांकेतिक लिपीत ठेवल्या. सकळ लिपी, सुंदरी लिपी. विसाव्या शतकात राजवाड्यायनं, भाव्यायनं ते उलगडलं तवा कुठं बाकीच्या मराठी लोकायले कळलं, की असा काही ग्रंथ आहे. महदाइसा बाई होती म्हनून झाकली गेली नाई. अख्खा पंथच झाकलेला होता. म्हाइंभटही तिच्यासंगं अंधारातच होता ना?"

हा मुद्दा खरा आहे आणि तो बाजूला सारता येत नाही. स्त्रियांच्या विस्मरणाची सगळी कहाणी पुरुषांच्या दुष्टाव्यात बसवली की पंथ, जात, लिपी, राजकारण ही कारणं दिसेनाशी होतात. पण उजेड पडल्यानंतर काय झालं ते मी मामांपुढं ठेवलं. गोविंदप्रभूंसाठी रचलेल्या धवळ्यांमुळं महदंबा आद्य कवयित्री ठरली. तो मान मिळाला. म्हाइंभट आद्य चरित्रकार ठरले. पण त्या चरित्रासाठी ज्यांनी विचारलं, लक्षात ठेवलं, सांगितलं, त्या बायांचा वाटा आमच्या पाठ्यपुस्तकात अजून आलेला नाही. मूळ पोथी पुढं स्वारीच्या धामधुमीत नाहीशी झाली आणि पाठ असलेल्यांनी ती पुन्हा उभी केली, असं महानुभाव परंपरा सांगते. त्यांत हिराइसा होती, आणि तिच्या स्मरणावरचा पाठ तिच्या नावानं ओळखतात. मराठीच्या किती पदवीधरांनी हे नाव ऐकलं असेल? मी स्वतः शिकवते म्हणून सांगते, फार थोड्यांनी.

"आमच्या वारकऱ्यायकडं ये," मामा म्हणाले. "घाटावर मेहुणा राजा. परंपरेनं चोखोबाचं जन्मगाव. आपल्याच जिल्ह्यात, देऊळगाव राजा तालुक्यात. त्या एका घरात चोखोबा, बायको सोयरा, बहीन निर्मळा, निर्मळेचा नवरा बंका, पोरगा कर्ममेळा. पाच जन अभंग रचनारे, त्यात दोन बाया. गावकुसाबाहेरचं घर! तुह्या युरोपात दाखव असं एक घर."

नाही दाखवता येत. मलाही त्या घराचा अभिमान वाटतो, आणि या जिल्ह्यात जिजाऊंच्या सिंदखेड राजाइतकंच मेहुणा राजाचं नाव का घेतलं जात नाही, याचं वाईट वाटतं. पण मी मामांना विचारलं, सोयराबाईंचा विटाळाचा अभंग कोणत्या सप्ताहात ऐकला? ती तिथं विचारते, की सगळेच देह विटाळातून घडले असतील तर मग सोवळा कोण? तिचे उरलेले अभंग साठच्या आसपास. त्यांतले भक्तीचे, नामाचे गायले जातात. हा एक विद्यापीठाच्या वर्गात शिकवला जातो, पण मंडपात येत नाही.

"कीर्तनाले कोनता अभंग घ्यावा, हे बुवाच्या हातात असते."

"तेच म्हणतेय. निवडणारा हात कुणाचा, यावर बाई कशी आठवली जाणार ते ठरतं. इंग्लंडात मार्जरी केंप म्हणून होती. चौदा लेकरांची आई. यात्रा करत जेरुसलेमपर्यंत गेली. देवळात धाय मोकलून रडायची, बिशपांशी वाद घालायची. लिहिता येत नव्हतं म्हणून दुसऱ्याकडून सगळं लिहवून घेतलं. पुढं १५०१ च्या सुमारास छापखानेवाल्यानं त्यातली थोडी पानं निवडून छापली. रडणं काढलं, भांडणं काढली, प्रवास काढला. १५२१ च्या छपाईत तर तिला खोलीत कोंडून घेतलेली तपस्विनी करून टाकलं. सबंध हस्तलिखित १९३४ मध्ये एका घरात सापडलं तेव्हा कळलं, ती बाई खरी कोण होती."

मामा यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पन जनीचं नाव तर तिच्या अभंगातच आहे."

"नामयाची जनी म्हणून. सोयरा तर चोख्याची बायको म्हणून सही करते, नवऱ्याचं नाव आणि जात लावून."

"अन् एकनाथ? एका जनार्दनी! एवढा मोठा पंडित, पैठनचा, पन गुरूच्या नावाशिवाय सही नाई करत. भक्तीत मी-पन टाकायचं असते, बाई. तिथं पुरुषानं टाकलं तं निरहंकार, अन् बाईनं टाकलं तं अन्याय, असं नाई होत."

वारकरी माणसाचं हे उत्तर मला आजवर वाचलेल्या कुठल्याही समीक्षेपेक्षा जड गेलं. त्यावर माझं म्हणणं इतकंच, की नाथ जनार्दनस्वामींना शोधत देवगिरीला गेले होते. गुरू त्यांनी निवडला. जात सोयराने निवडली नव्हती, आणि जनीला नामदेवांच्या घरी दासी म्हणून राहायचं की नाही हे कुणी विचारलं नव्हतं. टाकायला आधी हातात असावं लागतं. मामांना हे पूर्ण पटलं नाही. "हातात काई नसतानाही मन मोठं असू शकते," असं ते म्हणाले, आणि तेही खोटं नाही.

मग मी ज्या अभंगासाठी हा वाद उकरला होता तो काढला. जनीच्या नावावरचा, कोणत्या संताचे बोल कुणी लिहून घेतले ते सांगणारा. चोखोबांचे अनंतभटानं, असं एकेकाचं नाव घेत ती शेवटी स्वतःपाशी येते आणि सांगते, की तिचा लेखक खुद्द पांडुरंग. मामांना तो पाठ होता. अर्थात होता.

"हे मराठीतलं पहिलं असं टिपण असेल," मी म्हटलं, "की आपलं वाङ्मय कागदावर आलं कसं. कोण बोललं, कोणी लिहिलं. हा प्रश्न पंडितांना पडला नव्हता, तो एका मोलकरणीला पडला. तिला लेखन म्हणजे काय, लेखक म्हणजे कोण, हे पक्कं ठाऊक होतं. आणि ती आपल्याला दळताना-कांडतानाच तेवढी दाखवतात."

"पन शेवट पाय ना. देव तिचा कारकून झाला! यापेक्षा मोठा मान कोनता? ग्यानोबालेही माणसानंच लिहून घेतलं. दासीच्या पुढ्यात देव दौत घेऊन बसला."

"मामा, मला तिथंच गलबलतं. बाकी प्रत्येकाला लिहून घेणारा एक माणूस मिळाला. गावकुसाबाहेरच्या चोखोबांनाही अनंतभट मिळाला. जनीपाशी बसून लिहून घेणारं माणूस त्या यादीत नाही. म्हणून देवाला यावं लागलं."

मामांचे डोळे भरले. कशानं, ते मी विचारलं नाही. त्यांनी देवाची कृपा पाहिली असेल, मी माणसांची कमतरता पाहत होते. अभंग दोघांनाही पुरला.

थोड्या वेळानं त्यांनीच पलटवार केला, आणि तो नेमका माझ्या आवडत्या जागी. "तुह्या ताराबाईचं सांग. ताराबाई शिंदे. ती तं शिकलेली होती, पुस्तक छापलं होतं. तिचं काय झालं?"

ताराबाईंचा जन्म घाटावरचा, बुलढाण्याचा, १८५० चा. वडील बापूजी हरी शिंदे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क आणि सत्यशोधक समाजाचे. सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला मूल मारल्याबद्दल १८८१ मध्ये फाशीची शिक्षा झाली. पुढं अपिलात ती कमी झाली, पण त्या निमित्तानं वर्तमानपत्रांतून अख्ख्या स्त्रीजातीवर चिखलफेक सुरू झाली. ताराबाईंनी उत्तर लिहिलं. 'स्त्री-पुरुष तुलना', १८८२, पुण्याचा शिवाजी छापखाना, पानं बावन्न, प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. विधवेला पुन्हा लग्न नाही हा नियम कुणी केला? पती परमेश्वर असेल तर त्याचं वागणं परमेश्वरासारखं का नाही? धर्मशास्त्र लिहिणारे सगळे पुरुषच का? जोतीराव फुल्यांनी १८८५ च्या 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. ताराबाईंनी मात्र पुन्हा काही छापलं नाही. पुस्तक दिसेनासं झालं ते १९७५ पर्यंत. त्या वर्षी स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं.

"म्हंजे त्र्याण्णव वर्षं गायब," मामा म्हणाले. "अन् सोयराचं बोलनं साडेसहाशे वर्षं राहिलं. कोनी राखलं? छापखान्यानं? वर्तमानपत्रानं? अडानी बायायनं जात्यावर राखलं, टाळकऱ्यायनं राखलं. पाचशे छापील प्रतींपेक्षा दहा बायायची तोंडं भारी पडली. शिकलेल्या लोकायनं ताराबाई इसरली, अन् तू सप्ताहावाल्यायले जाब इचारते."

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं आणि आजही पुरतं नाही. सुधारकांच्या महाराष्ट्रानं आपल्या सर्वांत धारदार बाईचं पुस्तक शंभर वर्षांच्या आत हरवलं. विठोबाच्या महाराष्ट्रानं सोयराबाईंना निवडून का होईना पण जपलं. फक्त जपताना रागाची धार बोथट होत गेली. जो राग गायला येत नाही, टाळावर बसत नाही, त्याला पुस्तकच लागतं आणि पुस्तकाला वाचणारे लागतात.

"अन् ती रमाबाई?" मामा आता रंगात आले होते. "पंडिता. ती तं धर्मच सोडून गेली."

"गेली. त्याच १८८२ मध्ये तिचं 'स्त्रीधर्मनीति' आलं, पुढच्या वर्षी इंग्लंडात ती ख्रिस्ती झाली. पण नव्या घरातही तिनं पुरुषांनी केलेल्या भाषांतरावर विसंबायचं नाकारलं. हिब्रू शिकली, ग्रीक शिकली, केडगावच्या मुक्तिसदनात बसून सबंध बायबल मूळ भाषांवरून मराठीत आणलं. साध्या बायांना कळेल अशा मराठीत. मुक्तीच्याच छापखान्यात बायांनी खिळे जुळवले. १९२२ च्या एप्रिलमध्ये ती गेली, छापील ग्रंथ १९२४ मध्ये आला. चर्चनं मात्र आपलं जुनंच भाषांतर चालू ठेवलं. देऊळ असो, चर्च असो, बाईनं सेवा केली तर चालतं. ग्रंथाला हात घातला की अवघड होतं."

"साध्या बायायले कळंल अशा मराठीत," मामा स्वतःशीच म्हणाले. "म्हंजे नागदेवाचार्यांचंच काम."

ही जोड मला सुचली नव्हती. रिद्धपूरचे महानुभाव आचार्य आणि केडगावची ख्रिस्ती पंडिता यांना एका ओळीत बसवायला वीणा धरणारा माणूस लागला.

सोयराबाईंचा तो अभंग पुढच्या सप्ताहात घ्यायला बुवांना सांगतो, असं मामांनी कबूल केलं. एखादी महिला कीर्तनकार बोलवू, तिच्या तोंडून शोभंल, असं म्हणाले. मी म्हटलं, पुरुषाच्या तोंडूनच व्हायला हवा, कारण प्रश्न त्यांना विचारलेला आहे. तेही त्यांनी मान्य केलं. ताराबाईंना मात्र मंडपात आणायला ते तयार होईनात. "तिनं देवायले नावं ठेवली." मी विचारलं, वाचलंय का? नव्हतं वाचलं. माझ्या पिशवीत प्रत होती.

"वाच मंग. पन गाळू नको. जिथं देवाले बोलली तेही वाच."

मी वाचायला लागले. सावित्रीचा भाग आला. ती विचारते, नवऱ्याच्या प्राणासाठी सावित्री यमापर्यंत गेली, बायकोसाठी त्या वाटेनं एक पाऊल टाकलेला पुरुष कुणी ऐकलाय का? मामांनी हात वर करून मला थांबवलं.

"चुकली. इथं चुकली ती. रुरू! महाभारतात, आदिपर्वात. प्रमद्वरा साप चावून मेली, तं रुरूनं आपलं अर्धं आयुष्य देऊन तिले परत आनली. हे ताराबाईले कोनी सांगाले पाह्यजे होतं."

"बरोबर. आता सांगा, रुरूचं व्रत कोणता पुरुष करतो? त्याच्या नावानं वडाला कोण दोरा गुंडाळतं? पोथ्या चाळणारे सोडले तर या गावात हे नाव किती जणांना माहीत आहे?"

मामा विचारात पडले. "कथा होती," ते म्हणाले, "पन आमी ती सांगत नाई बसलो." मग चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला, पुस्तक माझ्याकडून घेतलं, आणि पुढचा परिच्छेद स्वतःच मोठ्यानं वाचायला लागले.